सरळ माझ्याकडे बघत होते, तरी म्हणतात "दिसलाच नाहीत". असं खरंच होतं का?

घाटवळण
जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

गेल्या मंगळवारी संध्याकाळी सहा-सव्वासहाला ऑफिसातून टू-व्हीलरवर घरी येत होतो. उजेड चांगला, पाऊस नाही, रस्ता मोकळा. आमच्याकडे एका फाट्यावर डावीकडून एक रस्ता तिरका येऊन मेन रोडला मिळतो, तिथून एक पांढरी गाडी हळूहळू पुढे येत होती. चालवणारे काका पासष्टीचे असतील. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं, आमची नजरानजर झाली, हे मी आजही शपथेवर सांगेन. म्हणून मी निर्धास्त. आणि पुढच्या क्षणाला गाडी माझ्या पुढ्यात. ब्रेक दाबले, मागचं चाक सरकलं, मी आडवा. हेल्मेटमुळे डोकं वाचलं, गुडघा सोलवटला आणि मनगटाला बारीक फ्रॅक्चर.

काका धावत आले. पाण्याची बाटली उघडताना त्यांचे हात इतके थरथरत होते की अर्धं पाणी माझ्या शर्टवर सांडलं. तोंडात एकच, "अहो दिसलाच नाहीत तुम्ही, खरंच सांगतो, दिसलाच नाहीत." मी भडकून बोललो, डोळे काय घरी ठेवून आलात का. ते काही बोलले नाहीत, मला दवाखान्यात नेलं, खर्च केला, नंबर देऊन गेले.

चार दिवस प्लास्टर घेऊन घरी बसलोय आणि तेच डोक्यात घोळतंय. माणूस सरळ तुमच्याकडे बघतो आणि तरी तुम्ही त्याला दिसत नाही, असं होऊ शकतं का? की ही अंग झटकायची पद्धत आहे? यातलं कळणारं कोणी असेल तर सांगा.

कडीपत्ता
बापरे, काळजी घ्या. मनगट नीट जुळू द्या, घाई नको.

आडरस्ता
स्पष्ट बोलतो. मोबाईलवर असणार. "दिसला नाही" हे सगळेच म्हणतात, मीही वीस वर्षं गाडी चालवतोय, समोरचं दिसत नाही असं होत नसतं. बघितलं की दिसतं.

तिरकीरेघ
आडरस्ता, "बघितलं की दिसतं" हेच तर तपासून बघितलंय लोकांनी आणि ते खरं निघालेलं नाही. मी याच विषयात पीएचडी करतेय (डोळ्यांच्या हालचाली) म्हणून सविस्तर लिहिते.

१९९९ मध्ये डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांनी हार्वर्डमध्ये केलेला प्रयोग खूप जणांना माहीत असेल. पांढऱ्या आणि काळ्या शर्टातले खेळाडू चेंडू पास करतायत, तुम्ही फक्त एका टीमचे पास मोजायचे. मध्येच गोरिलाचा वेश घातलेली बाई खेळाडूंच्या मध्ये येते, छाती बडवते आणि निघून जाते. बघणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना ती दिसलीच नाही. आंधळे नव्हते, मोबाईलवर नव्हते, उलट अगदी मन लावून बघत होते. मन लावून बघत होते म्हणूनच दिसली नाही, कारण मन पास मोजण्यात अडकलेलं.

मूळ गोष्ट अशी की डोळा कॅमेऱ्यासारखा सगळं एकसारखं स्पष्ट टिपत नाही. हात लांब करून अंगठा समोर धरा. अंगठ्याच्या नखाएवढा जो भाग तेवढाच खरा स्पष्ट दिसतो, बाकी सगळं धूसर. म्हणून नजर सतत उड्या मारते, सेकंदाला साधारण तीन. एक उडी, मग पाव सेकंद मुक्काम, परत उडी. आणि उडी चालू असताना मेंदू चित्र दाबून टाकतो, नाहीतर जग सारखं हेलकावताना दिसलं असतं.

विश्वास नसेल तर आत्ता आरशासमोर उभे राहा आणि स्वतःच्या डाव्या डोळ्यात बघा, मग उजव्या डोळ्यात, परत डाव्या. डोळे हलताना तुम्हाला कधीच दिसणार नाहीत. शेजारी कोणाला तरी उभं करा, त्याला स्पष्ट दिसतील.

अर्धाकप
केलं आत्ता बेसिनच्या आरशात!! अगदी खरं आहे. मुलगा शेजारी उभा राहून म्हणतोय "हलतायत आई, हलतायत" आणि मला ढिम्म काही दिसत नाही. पन्नास वर्षं रोज या आरशात बघतेय मी.

मृदगंध
मी पण केलं. मग फोनचा सेल्फी कॅमेरा लावून केलं, त्यात दिसतात हलताना. असं का?

तिरकीरेघ
कारण फोनचं चित्र किंचित उशिरा येतं. तोवर तुमची उडी संपलेली असते, मेंदूने दाबून टाकायचं थांबवलेलं असतं, आणि मग स्क्रीनवर उडी दिसते. तुम्ही स्वतःहून शोधलंत हे, मला फार आवडलं.

हिशोब करून बघा. एका उडीला ४० मिलिसेकंद धरले, सेकंदाला तीन, तर जागेपणीच्या १६ तासांत जवळजवळ दोन तास आपली नजर उडीत असते. आणि ती फट आपल्याला कधी जाणवत नाही. काट्याच्या घड्याळाकडे पटकन नजर टाकली की सेकंदकाटा पहिल्यांदा जरा जास्तच थांबल्यासारखा वाटतो ना? तो उडीचा वेळ मेंदू मागाहून भरून काढतो, म्हणून.

दुपारची_झोप
हे सेकंदकाट्याचं!! लहानपणी शाळेत शेवटच्या तासाला मला ठाम वाटायचं की घड्याळ बंद पडलंय. चाळीस वर्षांनी उत्तर मिळालं :)

आडरस्ता
ठीक आहे, पण गोरिलावाले लोक प्रयोगशाळेत पोरखेळ बघत होते. गाडी चालवणं हे जबाबदारीचं काम आहे. तज्ज्ञ माणूस, ज्याचं कामच बघणं आहे, त्याचं असं होईल का?

सावलीवाचक
आडरस्ता यांच्या प्रश्नाला मीच उत्तर द्यायला हवं, मी रेडिओलॉजिस्ट आहे, बावीस वर्षं सीटी आणि एक्सरे वाचतोय.

२०१३ मध्ये बोस्टनला ट्रॅफ्टन ड्रू, मेलिसा व्हो आणि जेरेमी वुल्फ यांनी नेमकं हेच केलं. २४ रेडिओलॉजिस्टना छातीचे सीटी दिले, फुप्फुसातल्या गाठी शोधा म्हणून. शेवटच्या केसमध्ये गुपचूप एक गोरिलाचं चित्र टाकलं, सरासरी गाठीच्या ४८ पट मोठं. २४ पैकी २० जणांना दिसलं नाही. आणि धागाकर्त्यांच्या प्रश्नाला थेट भिडणारा भाग पुढे आहे. त्यांच्या डोळ्यांची हालचाल यंत्राने नोंदवली होती, त्या २० पैकी १२ जणांची नजर सरळ गोरिलावर जाऊन आलेली होती. बघितलं, पण दिसलं नाही. गाठ शोधत होते, गोरिला नाही.

माझाही एक अनुभव सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत खोकल्याच्या पेशंटचा एक्सरे वाचत होतो, फुप्फुस कोपरान् कोपरा तपासलं, नॉर्मल लिहिलं. सीनियरनी तीच फिल्म लाईटबॉक्सवर लावली आणि बोट ठेवलं, खांद्याजवळ कॉलरबोनला तडा. ढळढळीत. माझी नजर त्यावरून गेली नसेल हे शक्यच नाही. त्या दिवसापासून फिल्म एका ठरलेल्या क्रमाने वाचतो, हाडं, कडा, कोपरे, डायफ्रामच्या खाली, आणि जे सापडलं त्यावर न थांबता क्रम पूर्ण करतो. आजही.

तेव्हा ते काका खोटं बोलत होते असं मी तरी म्हणणार नाही.

घाटवळण
सावलीवाचक, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. २० पैकी १२... मी त्या माणसाला काय काय बोललो.

नाशिककर_आजी
मुलांनो मला यातलं शास्त्र कळत नाही पण तांदूळ निवडायचं कळतं. पूर्वी रेशनच्या तांदळात मूठभर खडे असायचे. सूप मांडीवर घेऊन बसलं की बोटं आपोआप खड्यावर जायची, बोलता बोलता किलोभर निवडून व्हायचं. काळा खडा तर लांबून डोळ्यात भरतो, पांढरी गार असली तर मात्र दाणा दाणा बघावा लागतो. आता पाकिटातला तांदूळ स्वच्छ येतो, महिन्यातून एखादा खडा, आणि नेमका तोच दाताखाली येतो. सून म्हणते आई तुमची नजर अधू झाली. माझा मोतीबिंदू काढलाय, सुईत दोरा ओवते मी.

तिरकीरेघ
आजी, तुमच्या या पाच-सहा ओळींत माझ्या विषयातले दोन मोठे शोध आहेत, हे मनापासून सांगते.

काळा खडा डोळ्यात भरतो आणि पांढरी गार शोधावी लागते, यावर अ‍ॅन ट्राइसमन यांनी १९८० मध्ये सिद्धांत मांडला. रंगासारखा एखादा गुण वेगळा असेल तर वस्तू आपसूक उठून दिसते, तांदूळ शंभर असोत की हजार, वेळ तेवढाच. दोन-तीन गुण जुळवून ओळखायचं असेल तर लक्ष एकेका जागी न्यावं लागतं, आणि जितके दाणे जास्त तितका वेळ जास्त.

आणि दुसरं, खडे कमी झाले की जास्त निसटतात. वर सावलीवाचकांनी ज्यांचं नाव घेतलं त्याच जेरेमी वुल्फ यांच्या गटाने २००५ मध्ये दाखवलं. शोधायची वस्तू निम्म्या चित्रांत असेल तेव्हा लोकांच्या हातून ती ७ टक्के वेळा निसटली. तीच वस्तू शंभरात एखाद्या चित्रात असेल तेव्हा ३० टक्के वेळा. माणूस तोच, डोळे तेच. "नसतंच काही" ही सवय लागली की मेंदू लवकर शोध थांबवतो. विमानतळावर बॅगा तपासणाऱ्यांपुढे हाच मोठा प्रश्न असतो. सूनबाईंना सांगा, तुमची नजर शाबूत आहे, तांदूळ बदललाय.

नाशिककर_आजी
वाचून दाखवलं. हसली. उद्यापासून ती पण बसते म्हणाली सूप घेऊन.

कडीपत्ता
आजी _/\_

आमच्याकडे साखरेचं असंच. वर्षानुवर्षं स्टीलच्या डब्यात, मी ती काचेच्या बरणीत काढली आणि त्याच जागी ठेवली. नवरा तीन दिवस "साखर संपली" म्हणून गुळाचा चहा पीत होता. बरणी पारदर्शक, आत साखर दिसतेय, पण शोध स्टीलच्या डब्याचा चाललेला.

लेगस्पिन
चहाचा विषय निघालाच आहे तर, ससेक्स विद्यापीठाच्या मायकेल लँड यांनी १९९९ मध्ये लोकांच्या डोक्याला कॅमेरा लावून त्यांना चहा करायला सांगितलं होतं. हात किटलीकडे जायच्या साधारण अर्धा सेकंद आधीच नजर किटलीवर गेलेली असते, आणि हातातलं काम संपायच्या आत नजर पुढच्या वस्तूवर. कामाशी संबंध नसलेल्या गोष्टींकडे नजर जवळपास जातच नाही.

पण मला सांगायचंय ते त्यांच्या क्रिकेटच्या प्रयोगाबद्दल. मी मुलांना कोचिंग देतो, वर्षानुवर्षं ओरडतोय "चेंडूवरून नजर काढू नकोस". लँड आणि पीटर मॅक्लाउड यांनी २००० साली तीन वेगवेगळ्या दर्जाच्या बॅट्समनना बोलिंग मशीनसमोर उभं करून नजर नोंदवली. कोणीही चेंडू पूर्ण वेळ बघत नव्हता! मशीनमधून सुटताना बघतात, मग नजर चेंडूला सोडून पुढे उडी मारते, जिथे टप्पा पडणार तिथे आधीच जाऊन थांबते, चेंडू मागून येतो. टप्प्यानंतर परत थोडा वेळ पाठलाग. चांगला बॅट्समन ही उडी लवकर मारतो, कच्चा उशिरा.

हे वाचल्यावर मी नेटमध्ये ओरडायचं वाक्य बदललं. आता सांगतो "हात बघ, टप्पा बघ". एक बारा वर्षांचा पोरगा आहे, शॉर्ट बॉलला कायम उशीर करायचा. त्याला फलंदाजी न देता आठवडाभर स्टंपमागे सुरक्षित जागी उभा केला, बोलरचा हात सुटला की टप्पा कुठे पडणार ते मोठ्याने सांगायचं, "पुढे" की "आखूड". आठवड्यानंतर बॅट हातात दिली, पाय आधीच हलायला लागले होते. एका पोरावरून शास्त्र सिद्ध होत नाही हे कबूल, पण मला जो आनंद झाला तो सांगता येत नाही.

दुपारची_झोप
म्हणजे गावसकर हेल्मेटशिवाय वेस्ट इंडिजच्या तोफखान्यासमोर उभे राहायचे तेव्हा नजर चेंडूच्या पुढे धावत होती तर!

लेगस्पिन
त्यांचे डोळे कोणी मोजले नाहीत, पण १४० च्या वेगाचा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत-बाहेर पोचतो, त्यात नुसता पाठलाग करून भागत नाही. अंदाज लागतोच.

मृदगंध
अवांतर प्रश्न, मराठी वाचताना पण डोळे उड्या मारतात का? आपल्याकडे मात्रा वर, उकार खाली, वेलांटी आधी...

तिरकीरेघ
मारतात, सगळ्या लिप्यांत मारतात. इंग्रजी वाचताना एका मुक्कामात डावीकडची तीन-चार अक्षरं आणि उजवीकडची चौदा-पंधरा इतक्या पट्ट्यातून माहिती मिळते, म्हणजे पट्टा वाचनाच्या दिशेला झुकलेला. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात, तिथे पट्टा उलटा झुकतो. म्हणजे हा डोळ्याचा गुण नाही, लक्षाचा आहे. आपल्या ऱ्हस्व वेलांटीची गंमत अशी की ती लिहिताना आधी येते आणि उच्चारताना नंतर. हिंदी वाचकांवरच्या अभ्यासात असे शब्द वाचायला किंचित जास्त वेळ लागलेला दिसलाय.

अर्धाकप
माझ्याकडून एक घरगुती प्रयोग, बहिणीने शिकवला होता. भिंतीवर डोळ्यांच्या उंचीवर दोन टिकल्या लावा, मध्ये एक वीत अंतर. डावा डोळा झाका, उजव्या डोळ्याने डावीकडच्या टिकलीकडे बघत राहा आणि पाऊण मीटरभर लांबून हळूहळू पुढे-मागे व्हा. एका ठिकाणी उजवी टिकली गायब होते. तिथे काळं भोक दिसत नाही हां, भिंतीचाच रंग दिसतो. नस जिथून डोळ्याबाहेर पडते तिथे काही दिसतच नाही आणि मेंदू आजूबाजूचा रंग ओढून ठिगळ लावतो.

आडरस्ता
टिकल्या लावल्या. गायब झाली. बायको विचारतेय भिंतीशी काय चाललंय.

मान्य करतो, काका खोटं बोलत नसतील. पण एक मुद्दा सोडणार नाही. "मेंदूच तसा आहे" म्हणून सगळे सुटायला लागले तर रस्त्यावर पडणाऱ्याने कुणाकडे बघायचं? घाटवळण यांचं मनगट मोडलंय. गाडी ज्याच्या हातात आहे त्याची जबाबदारी कमी होत नाही.

सावलीवाचक
शंभर टक्के सहमत. कॉलरबोन मला दिसलं नाही यात खोटं काही नव्हतं, तरी चूक माझीच होती. म्हणून तर क्रम लावून घेतला. आपल्याला दिसत नाही हे एकदा कळलं की जबाबदारी वाढते.

आणि ब्लूटूथवर बोलत गाडी चालवणाऱ्यांनी हे वाचावं. अमेरिकेत डेव्हिड स्ट्रेयर यांच्या गटाने सिम्युलेटरवर बघितलं, हँड्सफ्रीवर बोलणाऱ्यांची नजर रस्त्याकडेच्या फलकांवर जात होती, पण नंतर ते फलक त्यांना खूपच कमी आठवले. हात मोकळे असून उपयोग नाही, लक्ष फोनमध्ये असतं.

शिडाचं_जहाज
मी मर्चंट नेव्हीत होतो. धागा सुरुवातीपासून वाचला, एक गोष्ट कोणी बोललं नाही.

जहाजावर पहिल्या वर्षीच शिकवतात, दुसऱ्या जहाजाचं बेअरिंग (म्हणजे आपल्याकडून ते ज्या दिशेला दिसतं ती दिशा) बदलत नसेल आणि अंतर कमी होत असेल तर टक्कर होणार. धोक्यातली वस्तू काचेवर एकाच जागी चिकटून असते, सरकत नाही, नुसती मोठी होत जाते. जी सरकतेय ती पुढून किंवा मागून निघून जाईल. आणि नजरेच्या कडेला आपल्याला हालचाल पटकन कळते, स्थिर वस्तू कळत नाही. म्हणजे जी वस्तू आपल्यावर आदळणार असते तीच सगळ्यात कमी जाणवते.

आता हे गाडीत आणा. काचेच्या कडेला जो खांब असतो, ए-पिलर, त्याच्यामागे एक टू-व्हीलर आरामात लपते. दोघांचा वेग असा जुळला की बेअरिंग स्थिर, तर ती खांबामागेच राहते, शेवटपर्यंत. जहाजाच्या ब्रिजवर (जिथून जहाज चालवतात तिथे) आम्ही म्हणूनच एका जागी उभं राहून बघत नाही, दोन पावलं इकडे-तिकडे सरकतो. गाडीत दोन पावलं टाकता येत नाहीत पण पुढे वाकता येतं. घाटवळण, तुमचा रस्ता तिरका येऊन मिळतो म्हणालात म्हणून शंका आली.

घाटवळण
दहा दिवसांनी परत आलोय.

शिडाचं_जहाज यांचा प्रतिसाद वाचून त्याच रात्री काकांना फोन केला. आधी माफी मागितली. ते म्हणाले, "त्या दिवसापासून गाडी काढलेली नाही." मी म्हटलं, काढा आणि या, आपण बघू.

रविवारी सकाळी सात वाजता, रस्ता रिकामा असताना गेलो. त्यांची गाडी फाट्याच्या अलीकडे त्या दिवशीच्या जागी लावली, मी ड्रायव्हर सीटवर बसलो, भावाला माझी टू-व्हीलर ढकलत मेन रोडच्या कडेने आणायला सांगितली. तीस-पस्तीस पावलांवर होता तेव्हा तो पूर्ण दिसत होता, चेहऱ्यासकट. आमची नजरानजर झाली ती इथेच. मग तो दहा पावलं पुढे आला आणि काकांनी बाहेरून गाडी थोडी पुढे ढकलली. भाऊ उजवीकडच्या खांबामागे गेला. नुसतं हेल्मेट नाही, पूर्ण टू-व्हीलर, दोन्ही चाकं. आणखी पाच पावलं, गाडी आणखी थोडी पुढे, तरी नाही दिसला. मी वीतभर पुढे वाकलो, लगेच समोर.

मग काका बसले, त्यांनी पाहिलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पण तुम्हाला आधी बघितलं होतं ना मी, मग ते कुठे गेलं?" अपघाताच्या वेळी ते माझ्या मागून येणाऱ्या बसकडे बघत होते, तिच्या आधी निघायचं म्हणून. तीस पावलांवर त्यांची नजर माझ्यावरून बसवर गेली असणार, आणि परत आली तोवर मी खांबामागे. हे तिरकीरेघ जास्त नीट सांगतील.

जाताना काका सीटवर बसले, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, मग छाती स्टेअरिंगला लागेपर्यंत पुढे वाकून परत उजवीकडे बघितलं, आणि मग गाडी काढली. मी आणि भाऊ ते वळणाआड जाईपर्यंत उभे होतो.

तिरकीरेघ
काकांचा प्रश्न बरोबर आहे, "आधी बघितलं ते कुठे गेलं". रोनाल्ड रेन्सिंक यांनी १९९७ मध्ये दाखवलं की दोन चित्रांच्या मध्ये क्षणभर कोरी स्क्रीन आणली की मोठमोठे बदलही लोकांना बराच वेळ सापडत नाहीत. लक्ष हटलं की आधीचं चित्र डोक्यात तसंच्या तसं साठून राहत नाही. काकांच्या बाबतीत ती कोरी स्क्रीन म्हणजे बस.

तुमची हरकत नसेल तर तो फाटा, ती तीस पावलं आणि तो खांब मला आमच्या लॅबमधल्या मुलांना सांगायचाय. अंतरं मोजून कळवाल का? प्लास्टर निघाल्यावरच, घाई नाही.

घाटवळण
प्लास्टर गुरुवारी निघतंय. टेप घेऊन काकांनाच बोलावतो, ते येतील.